पाय दुखत नाही, आकडाही चांगला आलाय; मग एमआर अँजिओग्राफी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. १९ वर्षांपासून डायबेटीस आहे. सात आठवड्यांपूर्वी चपलेचा पट्टा घासून उजव्या पायाच्या अंगठ्याला कडेने जखम झाली, ती अजून भरत नाही. ड्रेसिंग रोज मीच करते. त्यांना दुखत अजिबात नाही. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढलं, ते उजव्या पायाचं १.५ आलं. "हातापेक्षा पायातच रक्त जास्त चाललंय, काळजी करू नका," असं ते म्हणाले. आता ज्या व्हॅस्क्युलर सर्जनकडे गेलो त्यांनी दोन्ही पायांची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रात काढायचं रक्तवाहिन्यांचं चित्र, लगेच करायला सांगितली आहे. क्रिएटिनिन १.९ आहे, ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ३९. एका नातेवाइकांनी सांगितलं की एमआरआयचं इंजेक्शन किडनीच्या पेशंटला चालत नाही. दीर म्हणतात सीटीच करू, तो पाच मिनिटांत होतो. सासरे म्हणतात, दुखत नाही तर हवं कशाला, आणि त्या बोगद्यात मी जाणार नाही. सिगारेट कमी केली आहे, सुटलेली नाही. आम्ही काय करावं? आणि एक विचारायचं राहिलं. हल्ली जखम पुसताना रक्त येत नाही. हे बरं लक्षण आहे ना?
– एक सून

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता जे विचारलंत तेच मला या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथून करते.

नाही, हे बरं लक्षण नाही. भरत आलेल्या जखमेचा तळ लाल आणि दाणेदार दिसतो. ओल्या गॉजने पुसलं की त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. त्या नव्या केशवाहिन्या असतात आणि त्यांच्या जिवावरच जखम भरते. तळ फिकट, पिवळसर किंवा राखाडी असेल आणि पुसल्यावरही कोरडाच राहत असेल, तर तिथवर पुरेसं रक्त पोचत नसावं अशी दाट शंका घ्यायला हवी. सर्जनना हे सांगितलंय का? नसेल तर आजच फोन करून सांगा. दवाखान्यात पाच मिनिटं पाय पाहणाऱ्याला जे कळत नाही ते रोज संध्याकाळी गॉज हातात धरणाऱ्याला कळतं. तुमच्या नजरेला हे टिपता आलं, त्याचा त्यांच्या पायाला फार उपयोग होणार आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: तपासणी करून घ्या, आणि याच आठवड्यात करून घ्या. चांगली ड्रेसिंग करून, पायावरचा भार काढूनही चार ते सहा आठवड्यांत डायबेटीसची जखम भरायला लागली नाही, तर रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचं, ही जगभर मान्य झालेली रीत आहे. तुमचे सात झाले आहेत.

आता तो १.५ चा आकडा. घरात सगळे त्याच्या भरवशावर बसले आहेत असं पत्रावरून वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही तपासणी करताना दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधतात, तो फुगवून खालचा रक्तप्रवाह थांबवतात आणि हवा हळूहळू सोडत डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या, पेनने ऐकत राहतात. रक्ताचा सूं-सूं आवाज ज्या दाबाला परत येतो तो घोट्याचा रक्तदाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर १ ते १.४ आलं तर ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. सासऱ्यांचा दंडाचा दाब समजा १४० असेल, तर १.५ म्हणजे घोट्याशी २१०. हृदयापासून इतक्या लांब, खाली पायात जाऊन दाब दीडपट कसा होईल? तो झालेला नाही. पट्ट्याला धमनी दाबता आली नाही, इतकंच त्या आकड्यातून कळतं.

बरीच वर्षं डायबेटीस असला, त्यातून किडनी कमजोर असली, की पायाच्या धमन्यांच्या भिंतीत मधल्या थरात कॅल्शियम साचत जातं. मॉन्केबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये याचं वर्णन केलं होतं. साध्या एक्स-रेतही अशी धमनी आगगाडीच्या रुळांसारखी, दोन समांतर पांढऱ्या रेघांची दिसते. रबराची नळी बोटाने दाबली की बंद होते, लोखंडी पाइप होत नाही. पाइपातून पाणी वाहतंय की थेंब थेंब गळतंय, हे तो दाबून कळायचं नाही. म्हणून १.४ च्या वरचा आकडा आला की त्याचा अर्थ "उत्तम" असा लावायचा नसतो, "या पद्धतीने मोजता येत नाही" असा लावायचा असतो.

मोजायचं असेल तर पायाच्या बोटाशी मोजावं, कारण बोटातल्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम तितकं साचत नाही. छोटा पट्टा अंगठ्याला बांधतात. अंगठ्यालाच जखम असली तर शेजारच्या बोटाला. बोटाचा दाब दंडाच्या ०.७ पटीहून कमी असेल तर रक्तपुरवठा कमी आहे. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्याही खाली गेला असेल, तर जखम आपली आपण भरणं अवघड असतं आणि रक्त खाली पोचवण्याची घाई करावी लागते. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते. झालेली नसेल तर सर्जनकडे मागून घ्या. हा आकडा हाती आला की किती धावपळ करायची हेही ठरतं.

आणि "दुखत नाही"चं काय? धमनी अरुंद झालेल्या माणसाला एरवी चालताना पोटरीत गोळे येतात, थांबलं की बरं वाटतं. पुढे रात्री आडवं झाल्यावर पाऊल ठणकतं, पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवावा लागतो. पायाने दिलेल्या या हाका असतात. डायबेटीसने नसा बधिर केल्या की हाक येतच नाही. चपलेचा पट्टा घासून कातडी सोलली गेली तेव्हा सासऱ्यांना कळलं होतं का, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. माझा अंदाज आहे की जखम त्यांना दिसली तेव्हाच कळली. त्याच बधिरपणामुळे आता रक्त कमी पडत असूनही दुखत नसेल. हे त्यांना पटलं तर "दुखत नाही तर हवं कशाला" या प्रश्नाचं उत्तर त्यांचं त्यांनाच मिळेल.

आता तपासणी एमआरच का, सीटी का नको? दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सीटी अँजिओग्राफी झटपट होते, पोटातल्या महाधमनीपासून गुडघ्यापर्यंतच्या जाड धमन्या त्यात छान दिसतात, आणि काही पेसमेकर असे असतात की एमआर करता येत नाही, तिथे तीच कामी येते. अडचण गुडघ्याखाली आहे. डायबेटीसमध्ये अडथळे बहुतेक करून तिथेच असतात, पोटरीतून पावलाकडे जाणाऱ्या तीन धमन्यांमध्ये. त्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, आणि तुमच्या सासऱ्यांच्या तर कॅल्शियमने मढलेल्या. सीटीत कॅल्शियम लख्ख पांढरं दिसतं, डायने, म्हणजे रक्त उजळवणाऱ्या औषधाने, भरलेलं रक्तही पांढरंच. कॅल्शियमची चमक आजूबाजूला फाकते आणि आतली पोकळी उघडी आहे की बुजली आहे हे त्या झगमगाटात हरवून जातं. एमआरमध्ये कॅल्शियमकडून संकेतच येत नाही. त्यात फक्त वाहतं रक्त उजळतं. भिंत कितीही दगडासारखी झालेली असो, आतून रक्त जात असेल तर रेघ दिसते, नसेल तर तुटते. या एका कारणासाठी तुमच्या सर्जननी एमआर निवडला असणार आणि मीही तोच निवडला असता. वर एक्स-रेचे किरण नाहीत, हा फायदा आहेच.

किडनीची भीती मात्र हवेतून आलेली नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे. एमआरमध्ये रक्त उजळवायला शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. हा धातू सुटा असेल तर विषारी, म्हणून तो एका मोठ्या रेणूत अडकवलेला असतो आणि किडनी तो तसाच बाहेर टाकते. १९९७ पासून डायलिसिसच्या काही पेशंटमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला: हातापायाची कातडी जाड, ताठ होत जायची, सांधे आखडायचे. २००० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी त्याचा गॅडोलिनियमशी धागा जोडला. जुन्या इंजेक्शनांतला रेणू लांबट, धातूवरची पकड सैल. किडनी बंद असलेल्या शरीरात तो दिवसेंदिवस फिरत राहायचा आणि धातू सुटा व्हायचा. हे कळल्यावर ती जुनी औषधं अशा पेशंटना देणं थांबलं, पिंजऱ्यासारख्या बंद रेणूची औषधं वापरात आली, आणि या आजाराचे नवे पेशंट जवळजवळ दिसेनासे झाले.

सासऱ्यांचा ईजीएफआर ३९ आहे. विशेष काळजीची रेषा ३० च्या खाली सुरू होते. डायलिसिसवर असलेले आणि किडनीला अचानक मार बसलेले पेशंटही त्याच गटात येतात. सासरे त्या गटात नाहीत, म्हणजे त्यांना हे इंजेक्शन देता येतं. तुम्ही दोन गोष्टी करा. गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेट यांसारखं नव्या, बंद रेणूचं औषध वापरणार ना, हे सेंटरवर विचारा. असा प्रश्न विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट किती जुना आहे ते पाहा. पायाच्या जखमेत इन्फेक्शन वाढलं, अँटिबायोटिक चालू झालं, पोटात पाणी कमी गेलं, तर महिन्यापूर्वीची ३९ आज ३९ राहिलेली नसते. तपासणीच्या एक-दोन दिवस आधीचा ताजा आकडा असावा. डायबेटीसची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर गॅडोलिनियमसाठी ती थांबवावी लागत नाही. सीटीच्या आयोडीनवाल्या डायसाठी आणि धमनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून करायच्या तपासणीसाठी नियम वेगळे आहेत, तेव्हा त्या वेळी पुन्हा विचारा.

समजा ताजा आकडा ३० च्या खाली आला, तरी दार बंद होत नाही. इंजेक्शनाशिवाय, ईसीजीच्या तालावर रक्ताचा प्रवाह टिपून पायाच्या धमन्या दाखवणारी पद्धतही आहे. २०१० च्या सुमारास आलेल्या त्या तंत्राला क्यूआयएसएस म्हणतात. सगळ्याच मशिनवर ते नसतं, पण असलं तर आधी तेच करतात.

आता जी गोष्ट पेशंटला सहसा कोणी सांगत नाही ती सांगते. सेंटरवर अपॉइंटमेंट घेताना एवढं विचारा: "पोटरी आणि पावलाचं चित्र वेगळं, आधी काढणार का?"

कारण असं. पायाची एमआर अँजिओ तीन टप्प्यांत होते: पोट आणि कंबर, मग मांड्या, मग पोटऱ्या आणि पावलं. इंजेक्शन रक्ताबरोबर खाली सरकतं आणि टेबल त्याच्या मागोमाग सरकत राहतं. निरोगी पायात धमनीतून गेलेलं औषध शिरांमधून परत यायला थोडा वेळ लागतो, त्या फटीत चित्र घेऊन होतं. पण पावलाला जखम असली, इन्फेक्शन असलं की तिथलं रक्त फार लवकर शिरांमध्ये वळतं. मांडीचं चित्र संपवून टेबल पोटरीवर येईपर्यंत शिराही उजळलेल्या असतात. मग धमन्या आणि शिरा एकमेकींत गुंतलेल्या, सगळ्याच पांढऱ्या. जे पाहायला आलो तेच दिसत नाही.

मी अशी चित्रं वाचायच्या कामात नवीन होते तेव्हा अशाच एका चित्रात पोटरीतली एक उजळ रेघ धमनी समजून "उघडी" म्हणून लिहून मोकळी झाले होते. सर्जन माझ्याकडे आले, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ती रेघ बोटाने वर वर नेत गेले. ती गुडघ्यामागच्या शिरेला जाऊन मिळत होती. धमनी केव्हाच बंद होती. त्यांनी वेळेत पाहिलं म्हणून त्या पेशंटचं ऑपरेशन चुकीच्या अंदाजावर झालं नाही. त्या दिवसापासून डायबेटीसच्या पायाची मागणी आली की मी टेक्निशियनला आधी पोटरी आणि पावलाचं चित्र थोड्या औषधावर काढायला सांगते, तेही एकाच क्षणाचं नाही, तर दर काही सेकंदांनी एक असं ओळीने. धमनी भरताना दिसते, मग शीर भरताना दिसते, गोंधळ राहत नाही. काही ठिकाणी मांडीला पट्टा बांधून तो हलका फुगवतात, त्यानेही शिरांमधून परत येणारं रक्त मागे राहतं. तुमच्या सेंटरवर यातलं काय करतात ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. पण चिठ्ठीवर "अंगठ्याला जखम, पावलाच्या धमन्या दिसणं गरजेचं" एवढं सर्जनकडून लिहून घ्या.

त्याच चिठ्ठीच्या निमित्ताने आणखी एक. जखम खोल असेल तर हाडात इन्फेक्शन गेलंय का हे पाहायलाही पावलाचा एमआरआय करतात. ती वेगळी तपासणी आहे, रक्तवाहिन्यांची नव्हे. सर्जनना दोन्ही हव्या असतील तर एकाच दिवशी, एकाच वेळी होऊ शकतात. आधी विचारलं नाही तर आठवड्याने पुन्हा बोलावणं येतं.

सासऱ्यांच्या "बोगद्या"कडे येते. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मी स्वतः त्या यंत्रात पाऊण तास पडून पाहिलंय, आवाज मोठा असतो आणि वेळ लांबतो. पण या तपासणीत बहुतेक ठिकाणी पाय आधी आत जातात. पोटऱ्यांचं चित्र चालू असताना डोकं तोंडाशी, कधी बाहेरच असतं. कंबरेच्या टप्प्याला तेवढं थोडं आत जावं लागतं. हे त्यांना आधी सांगा. कानात बोळे किंवा हेडफोन देतात. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर घंटा वाजते आणि माणसं लगेच येतात. पाय हलू नयेत म्हणून पट्ट्याने हलकेच बांधलेले असतात, त्याचा बाऊ वाटू नये. इंजेक्शन आत जाताना हाताला गार लागतं. एकूण अर्धा ते पाऊण तास. तरीही भीती वाटली तर सौम्य औषध देता येतं, फक्त ते आधी ठरवावं लागतं.

धातूची चौकशी सेंटरवर होईलच, पण त्या फॉर्मवरची उत्तरं तुम्ही शेजारी बसून द्या. पेसमेकर, मेंदूतल्या धमनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, डोळ्यात कधी काळी गेलेला लोखंडाचा कण, यांतलं काहीही असेल तर ठणकावून सांगा. हृदयातला स्टेंट बहुधा अडसर ठरत नाही, पण कागद घेऊन जा. साखरेचा सेन्सर दंडावर असेल तर काढायला सांगण्याची शक्यता मोठी आहे, आणि इन्सुलिन पंप खोलीबाहेरच ठेवावा लागतो. जखमेवर चांदीयुक्त ड्रेसिंग असेल तर तेही सांगा. त्या दिवशी साधं गॉज बांधून नेलेलं बरं. उपाशी पोटी बोलावलं तर इन्सुलिनचं काय करायचं हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा, सकाळची पहिली वेळ मागा, ग्लुकोज जवळ ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, तर फुगा दाबायचा, चित्र पुरं होण्याची वाट पाहायची नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या.

रिपोर्ट हातात येईल तेव्हा तो वाचून घाबरू नका, हे मुद्दाम आत्ताच सांगते. त्यात "ऑक्लूजन", म्हणजे धमनी बंद, हा शब्द दोन-तीनदा येईल असं मला वाटतं. पोटरीतल्या तीनपैकी दोन धमन्या बंद, असं वाचलं की घरात रडारड सुरू होते, पाय गेला असं वाटतं. तुम्ही पाहायचं ते वेगळंच. पावलापर्यंत अखंड पोचणारी एक तरी धमनी आहे का? नसेल तर पावलात, वरच्या किंवा तळव्याच्या बाजूला, उघडी राहिलेली धमनी दिसते का? डायबेटीसमध्ये पुष्कळदा असं असतं की पोटरीत सगळं बुजलेलं आणि पावलात खाली धमनी शाबूत. म्हणजे वरून आणलेलं रक्त उतरायला जागा आहे. मग धमनीत नळीवरून नेलेल्या बारीक फुग्याने वाट मोकळी करायची की पायातलीच शीर वापरून बायपास करायचा, हे सर्जन ठरवतात. एका धमनीतून थेट रक्त पोचलं तरी जखम भरू शकते. शिवाय एमआर काही वेळा अरुंदपणा असतो त्याहून जास्त दाखवतो, आणि पायात आधीचा स्टेंट असेल तिथे नुसती काळी पोकळी दिसते. अंतिम निवाडा कॅथेटर घालून केलेल्या अँजिओग्राफीत होतो आणि उपचारही बहुधा तिथेच, त्याच वेळी होतो.

म्हणूनच, सर्जन जर म्हणाले की बोटाचा दाब फार कमी आहे, आता एमआरची वाट न पाहता थेट कॅथेटर अँजिओग्राफीच करू, तर त्यात वावगं काही नाही. तुमच्या मनात एमआर बसला म्हणून त्यासाठी चार दिवस घालवू नका. एमआरने रस्ता आधी कळतो, कुठून शिरायचं ते ठरतं, डाय कमी लागतो. पण पायाकडे तेवढा वेळ असायला हवा.

वेळ नाही हे ओळखायच्या खुणा तुम्हाला पाठ हव्यात, कारण पाय तुम्हीच पाहता. बोट काळं-निळं पडत चाललं, जखमेला घाण वास सुटला, लाली पावलावरून वर चढू लागली, ताप आला, साखर अचानक काबूबाहेर गेली, किंवा पाय एकाएकी गार आणि पांढराफटक पडला, तर अपॉइंटमेंट कधीची आहे हे पाहायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलमध्ये न्यायचं.

तोवर घरी अंगठ्यावर भार येऊ देऊ नका. ती चप्पल आता पायात जाता कामा नये. गरम पाण्याची पिशवी, शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, यांतलं काहीही नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. ड्रेसिंग घट्ट आवळू नका. सासरे जास्त वेळ पडून असतील तर पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी राहील असं पाहा, नाहीतर टाचेला दुसरी जखम होते. डावा पाय रोज पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्याची चर्चा घरात कुणी करत नसेल, पण धमन्या दोन्ही पायांत सारख्याच जुन्या आहेत.

सिगारेट "कमी केली" यावर मी समाधान मानू शकत नाही. सर्जन फुग्याने जी वाट उघडतील तीच वाट प्रत्येक सिगारेट पुन्हा आवळते. त्यांना घरच्यांनी टोकण्यापेक्षा सर्जननी सांगितलेलं जास्त लागेल, तेव्हा पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर हा विषय तुम्ही काढा. सोडवायला औषधं आहेत, त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे का हेही त्याच वेळी विचारा. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून ठेवते: पुष्कळ सेंटरवर सोबतच्या एका माणसाला आत थांबू देतात. त्याने तोच फॉर्म भरायचा, अंगावरचे दागिने, घड्याळ, मोबाइल, पिना सगळं बाहेर ठेवायचं, कानात बोळे घालायचे. सासऱ्यांचे पाय आत असतील, डोकं तुमच्या बाजूला असेल. स्टुलावर बसून त्यांच्या खांद्याला हात लावून ठेवता येतो. अपॉइंटमेंट घेताना तेवढं विचारून घ्या.